'दुर्लक्ष केलं' की 'दुर्लक्ष झालं'? पुण्यात नव्याने मराठी बोलणाऱ्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे मराठी शिकायला येणारी एक मुलगी फार हिरमुसलेली आली. मूळची भुवनेश्वरची, नोकरी हिंजवडीत, राहायला कोथरूडमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये. सकाळी नळाला पाणी नव्हतं. तिने तोटी उघडून पाहिली, पाणी आलं नाही, आणि तोटी तशीच उघडी ठेवून ती ऑफिसला गेली. दुपारी पाणी आलं. मोरीच्या जाळीवर फडकं अडकलं होतं, त्यामुळे पाणी स्वयंपाकघरात आलं आणि तिथून खालच्या काकूंच्या छताला ओल धरली. संध्याकाळी ही बिचारी स्वतःहून खाली गेली, वाटेत मोबाइलवर शब्द शोधला आणि दारात उभी राहून म्हणाली, "काकू, मी नळाकडे दुर्लक्ष केलं."

काकू म्हणाल्या, "म्हणजे दिसत होतं आणि तरी सोडून दिलंस?" आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तिला म्हणायचं होतं, "काकू, माझं दुर्लक्ष झालं." फरक एका क्रियापदाचा. पण मराठीत लक्ष नसण्याविषयी तुम्ही जो शब्द उचलता, त्यातूनच चूक कुणाची आणि किती, हे ऐकणाऱ्याला कळतं. इथले लोक तो शब्द नेमका ऐकतात. म्हणून हा विषय मी एखाद्या तासात उरकत नाही, चांगले तीन-चार आठवडे त्यावर घालवते. ज्या क्रमाने मी शिकवते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे.

पायरी १ : 'ध्यान' बाजूला ठेवा, 'लक्ष' हातात घ्या

हिंदी भागातून आलेले जवळजवळ सगळे पहिल्या दिवशी "ध्यान द्या" म्हणतात. अर्थ कळतो, पण कानाला खटकतं. रेल्वे स्टेशनवर हिंदीतल्या घोषणेत "कृपया ध्यान दें" येतं आणि मराठीतल्या घोषणेत "कृपया लक्ष द्या" येतं. पुणे स्टेशनवर दहा मिनिटं उभं राहिलात तर हा धडा फुकटात मिळेल.

मराठीत 'ध्यान' आहे, पण त्याची कामं वेगळी. डोळे मिटून करतात ते ध्यान. विठ्ठलाचं विटेवर उभं असलेलं रूप, तेही ध्यान. आणि कुणी विचित्र कपडे घालून आलं की घरातली बाई म्हणते, "काय ध्यान आहे!" म्हणून ऑफिसात कुणाला "तुझं ध्यान कुठे आहे?" असं विचारू नका. 'ध्यानात ठेव', 'ध्यानात आलं' आणि 'ध्यानीमनी नसताना' मात्र अस्सल मराठी आहेत, ती खुशाल वापरा.

लिहिताना आणखी एक काळजी. 'लक्ष' म्हणजे अवधान आणि 'लक्ष्य' म्हणजे नेम धरायची खूण, उद्दिष्ट. "माझ्याकडे लक्ष्य द्या" असा मेसेज आला की मराठी माणूस क्षणभर अडखळतो. कन्नड बोलणाऱ्यांना हा शब्द लवकर जवळचा वाटतो, कारण त्यांच्याकडे हेळसांडीला 'अलक्ष्य' म्हणतात. लिहिताना तेवढा 'य' इथे गाळायचा.

पायरी २ : 'लक्ष' कोणत्या क्रियापदाबरोबर चालतं ते पाठ करा

इथे घाई करू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

गॅसवर दूध ठेवलंय आणि सासूबाई म्हणाल्या, "दुधाकडे लक्ष ठेव," तर तिथून हलायचं नाही. लक्ष ठेवणं म्हणजे राखण. साय वर येते, कडेने फुगते, आणि मग भांड्याच्या काठावर एक क्षण थबकते. त्या क्षणी गॅस बंद करण्यासाठी तुम्हाला तिथे उभं केलेलं असतं. त्याच सासूबाई "माझ्या बोलण्याकडे लक्ष दे" म्हणाल्या तर ते त्या बोलण्यापुरतं. आणि "दुधाकडे जरा लक्ष असू दे" म्हणाल्या तर तुमचं काम चालू ठेवा, पण अधूनमधून नजर टाका. दूध उतू गेलं की दोष कुणाचा, हे त्यांनी आधी कोणतं क्रियापद वापरलं होतं त्यावर ठरतं.

'लक्ष घालणं' म्हणजे एखाद्या कामात स्वतः उतरणं. सोसायटीच्या अध्यक्षांना "तुम्ही जातीने लक्ष घाला" म्हटलं की त्यांना बरं वाटतं आणि काम होण्याची शक्यता वाढते. पण "तू यात लक्ष घालू नकोस" याचा अर्थ बरोबर उलटा : हा तुझा विषय नाही, नाक खुपसू नकोस.

'लक्ष लागणं' दोन प्रकारे येतं. "अभ्यासात लक्ष लागत नाही" म्हणजे चित्त एकाग्र होत नाही. "सगळ्यांचं निकालाकडे लक्ष लागलंय" म्हणजे सगळे वाट बघताहेत. आणि बाहेरून येणाऱ्यांना पहिल्या महिन्यात लागणारं वाक्य वेगळंच असतं : "माझं इथे मन लागत नाही," किंवा "मन रमत नाही." ते लक्षाचं नाही, मनाचं दुखणं आहे. वरिष्ठांना "कामात लक्ष लागत नाही" सांगितलंत तर ते कामाची चौकशी करतील. "मन लागत नाही" म्हणालात तर विचारतील, घरी सगळं ठीक आहे ना?

लक्ष उडतं, लक्ष जातं, लक्ष वेधलं जातं, लक्ष पुरवलं जातं. विधिमंडळात आमदार एखाद्या प्रश्नाकडे सरकारचं लक्ष ओढण्यासाठी जी सूचना मांडतात तिला 'लक्षवेधी' म्हणतात. वर्तमानपत्रात "लक्षवेधी मांडली" असं वाचलंत तर तिथे 'लक्षवेधी' हे नाम आहे. दुकानदार निरोप देताना "लक्ष असू द्या" म्हणतो तेव्हा तो काही बघायला सांगत नसतो, त्याचा अर्थ 'लोभ असू द्या' असा असतो. त्याला "हो, नक्की" एवढंच उत्तर पुरतं.

पायरी ३ : तीन वाक्यं वेगळी करा

लक्ष नव्हतं. लक्षात आलं नाही. लक्षात राहिलं नाही.

नव्याने शिकणारा ही तिन्ही एकाच अर्थाने वापरतो आणि गोंधळ होतो. मीटिंगमध्ये कुणी प्रश्न विचारला आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, तर "माफ करा, माझं लक्ष नव्हतं, पुन्हा सांगता का?" तुम्ही नीट ऐकत होतात पण मुद्दा समजला नाही, तर "माझ्या लक्षात नाही आलं." आणि कालच सांगितलेलं आज विसरलात, तर "लक्षात नाही राहिलं."

यातलं मधलं वाक्य सगळ्यात सोयीचं. त्यात तुमच्यावर आळ येत नाही आणि सांगणाऱ्यावरही येत नाही. कदाचित त्याने नीट सांगितलं नसेल, कदाचित तुम्हाला उमगलं नसेल. म्हणूनच पुण्यात काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ते सारखंच ऐकू येतं. पण खरोखर लक्ष नसेल तर "लक्षात आलं नाही" म्हणू नका. समोरचा सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला लागेल आणि शेवटी त्याला कळेल की तुम्ही ऐकतच नव्हता.

सराव असा करा. दिवसभरात कुणी तुम्हाला काही दुसऱ्यांदा सांगितलं की थांबून स्वतःला विचारा, तीनपैकी काय झालं होतं? आठवडाभरात जीभ आपोआप वळते.

पायरी ४ : झालं की केलं

आता त्या नळाकडे परत येऊ.

'दुर्लक्ष होणं' म्हणजे लक्ष द्यायला हवं होतं, पण कामाच्या रगाड्यात, घाईत ते निसटलं. 'दुर्लक्ष करणं' म्हणजे बघितलं, कळलं आणि तरी सोडून दिलं. पहिल्यात तुम्ही चुकलात, दुसऱ्यात तुम्ही ठरवलंत. म्हणून माफी मागताना नेहमी 'झालं'. "माझं जरा दुर्लक्षच झालं" यातला 'च' आणखी नम्र करतो, आपण होऊन कबूल केल्यासारखं वाटतं.

पण 'करणं' नेहमी वाईट नसतं. कुणी रस्त्यात वाकडं बोललं, तर मैत्रीण सांगते, "दुर्लक्ष कर गं." तो सल्ला असतो आणि चांगला असतो. लहान मूल हट्टाने रडत असेल तर आजी हळूच म्हणते, "दुर्लक्ष करा, थांबेल आपोआप."

जोडणी नीट बसवा : नळाकडे दुर्लक्ष, तब्येतीकडे दुर्लक्ष. 'तब्येतीला दुर्लक्ष' किंवा 'तब्येत दुर्लक्ष केली' नाही. आणि 'दुर्लक्षित' हा लेखी शब्द आहे. दुर्लक्षित वाडा, दुर्लक्षित विषय असं लिहितात, बोलताना फार कमी.

याच घरातले आणखी दोन शब्द, आबाळ आणि हेळसांड. आई आजारी पडली आणि मुलांच्या जेवणाचे हाल झाले, तर "मुलांची आबाळ झाली." कुणाचाच दोष नाही, परिस्थिती तशी होती. आजोबांना वेळेवर औषध दिलं नाही, कुणी विचारपूस केली नाही, तर "त्यांची हेळसांड केली," आणि हे म्हणताना बोट कुणाकडे तरी वळलेलं असतं. शेजाऱ्याच्या घरच्या आजारपणाविषयी बोलताना 'आबाळ' म्हणा. 'हेळसांड' म्हणालात तर तुम्ही त्या घरावर आरोप केलात.

पायरी ५ : माफीचे तीन शब्द, आणि त्यातला एक नीट लिहायला शिका

'चुकून' सगळीकडे चालतो. चुकून पाय लागला, चुकून दुसऱ्याला फोन लागला. हलका शब्द आहे, हलक्या चुकीलाच वापरा. छताला ओल धरल्यावर "चुकून झालं" पुरत नाही.

'नजरचुकीने' हा डोळ्याच्या चुकीचा शब्द. यादीतलं नाव सुटलं, बिलात आकडा वर-खाली झाला, पाकिटावर पत्ता राहिला. मराठी लग्नपत्रिका हातात आली तर तळाशी बघा. गडबडीत नजरचुकीने कुणाला आमंत्रण द्यायचं राहून गेलं असेल तर हेच आमंत्रण समजून अगत्य यावं, अशा अर्थाची ओळ बहुतेक पत्रिकांवर असते. या एका शब्दावर मानापमान टळतात. तो म्हणतो, तुम्ही मनात होतात, फक्त यादीवरून नजर फिरताना निसटलात. ऑफिसच्या ईमेलमध्येही तो छान बसतो : "मागच्या मेलला फाइल जोडायची नजरचुकीने राहून गेली."

'अनवधानाने' जास्त गंभीर आणि जास्त औपचारिक. अर्ज, खुलासा, सोसायटीला पत्र, वर्तमानपत्रातली दिलगिरी, ही त्याची जागा. फोड अशी : अन् अधिक अवधान. म्हणून 'अनवधान'. 'अनावधान' असं लिहिलेलं तुम्हाला सर्रास दिसेल, छापील मजकुरातसुद्धा, पण तो 'ना' चुकीचा आहे. मला हे दरवेळी टोचतं, कारण 'अवधान' हा फार जुना आणि लाडका शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी श्रोत्यांकडे अवधान मागते, आणि आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरांची पालखी दरवर्षी याच पुण्यात मुक्कामाला येते. इतक्या जवळच्या शब्दाचा 'अ' आपण सांभाळावा.

घरगुती बोलण्यात मात्र 'अनवधानाने' म्हणू नका. नवऱ्याने "अनवधानाने मीठ जास्त पडलं" म्हटलं तर घरात सगळे त्याच्या तोंडाकडे बघतील.

पायरी ६ : माणसाला काय म्हणायचं

इथे शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा आहे.

वेंधळा म्हणजे ज्याचं चित्त एका ठिकाणी नाही. किल्ली दाराला तशीच, छत्री बसमध्ये, आणि चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोध. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण याच्यासाठीच. वेंधळेपणावर लोक वैतागतात, पण त्यात राग कमी आणि जिव्हाळा जास्त असतो. पोरगी पहिल्या पगाराचं पाकीट रिक्षात विसरून आली की आई "वेंधळीच आहेस!" म्हणते आणि लगेच पाण्याचा ग्लास हातात देते.

धांदरट माणसाचं लक्ष असतं, पण हात त्याच्यापुढे धावतात. शब्दातच 'धांदल' ऐकू येते. चहा ओतताना कपाबाहेर, पिशवी उचलताना एक बंद तुटलेला, घाईत शर्टाचं बटण एक घर चुकलेलं. वेंधळा हरवतो, धांदरट सांडतो. मी शिकवताना हे एवढंच सांगते, आणि विद्यार्थी ते विसरत नाहीत.

विसराळू आणि विसरभोळा यांत 'भोळा' फरक करतो. विसराळू मूल डबा शाळेत ठेवून येतं. विसरभोळे असतात ते घरातले आजोबा, कॉलेजातले जुने सर. त्यात आदर आहे, म्हणून मोठ्यांना विसरभोळे म्हणता येतं, वेंधळे म्हणता येत नाही.

गबाळा हा कपड्यांचा आणि कामाचा ढिसाळपणा. भोंगळ हा विचाराचा आणि कारभाराचा. 'भोंगळ कारभार' ही जोडी तुम्हाला बातम्यांत जवळजवळ रोज भेटेल. एखाद्या माणसाला तोंडावर भोंगळ म्हणणं मात्र जिव्हारी लागतं.

नियम एकच ठेवा : हे शब्द आधी स्वतःला लावायला शिका. "मी जरा वेंधळीच आहे" म्हटलं की समोरचा विरघळतो. दुसऱ्याला म्हणायला ओळख मुरावी लागते, किमान वर्षभराची.

पायरी ७ : मन दुसरीकडे गेलेलं असतं तेव्हा

काही वेळा माणूस बेफिकीर नसतो, फक्त इथे नसतो. त्यासाठी 'तंद्री'. तंद्री लागते आणि तंद्री मोडते, हे दोन्ही भाग लक्षात ठेवा. वर्गात मास्तर विचारतात, "कुठे तंद्री लागली?" आणि खडू फळ्यावर आपटतात, की मोडली तंद्री. पण त्याच गावात, डिसेंबरमध्ये सवाई गंधर्वला, पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेल्या त्या महोत्सवात, शेजारचे काका डोळे मिटून बसलेले असतात आणि नंतर म्हणतात, "काय तंद्री लागली होती!" तिथे ती सगळ्यात मोठी दाद असते. अशा वेळी त्यांच्या खांद्याला हात लावून वेळ विचारू नका.

'भान नसणं' त्याहून खोल. कामात जेवणाचं भान राहिलं नाही, गप्पांत वेळेचं भान राहिलं नाही. गढून गेलेला माणूस पुस्तकात किंवा कामात असतो, गुंग झालेला गप्पांत किंवा खेळात. या शब्दांत दोष नाही. फार तर भाजी करपल्याची तक्रार असते.

'अन्यमनस्क' हा सुंदर शब्द कथा-कादंबरीत भेटेल : ती अन्यमनस्कपणे चहा ढवळत होती. बोलताना कुणी वापरत नाही. बोलताना "चित्त थाऱ्यावर नाही तिचं" म्हणतात, आणि त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी काळजी असते. हे वाक्य कानावर आलं तर कारण विचारण्याची घाई करू नका, पण तिच्या वाटचं काम थोडं उचलायला हरकत नाही.

पायरी ८ : बघून न बघणं

'काणाडोळा करणं' लिहिताना 'ण'. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. सगळे 'कानाडोळा' म्हणतात, कान आणि डोळा दोन्ही बंद केल्यासारखं समजतात, आणि ते इतकं रुळलंय की बोलताना दुरुस्त करायला जाऊ नका. अर्थ असा की ज्याचं काम बघण्याचं आहे, त्यानेच डोळा बाजूला वळवला. वॉचमनने मुलांच्या क्रिकेटकडे काणाडोळा केला, यात मायाही असू शकते. 'डोळेझाक' मात्र आरोप आहे : अनधिकृत बांधकामाकडे डोळेझाक. काणाडोळा छोट्या गोष्टीकडे होतो, डोळेझाक मोठ्या गोष्टीकडे.

ऐकून सोडून देण्यासाठी "या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडायचं." कितीही सांगून परिणाम नाही तर "पालथ्या घड्यावर पाणी." ही दुसरी म्हण जड आहे, त्यात सांगणाऱ्याने आशा सोडलेली असते. पालकसभेत शिक्षकांनी ती वापरली तर घरी जाऊन गंभीरपणे बोलायला हवं.

आणि एक वाक्य दोन तोंडांचं आहे : "मनावर घे" आणि "मनावर घेऊ नकोस." पहिल्याचा अर्थ जोर लाव, ठरव, तुला जमेल. दुसऱ्याचा अर्थ ते बोलणं सोडून दे, वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या एका तमिळ विद्यार्थ्याला त्याच्या वरिष्ठांनी अप्रेझलनंतर सांगितलं, "तू मनावर घे," आणि तो दोन दिवस वाईट वाटून घेत बसला. ते त्याला उत्तेजन देत होते.

पायरी ९ : जिथे शब्द कागदावर जातो

यापुढचे शब्द वजनदार आहेत, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते वाचता यायला हवेत.

'काळजी' या एका शब्दाची दोन कामं आहेत, काळजी घेणं आणि काळजी करणं. त्याची उलट टोकंही दोन. काळजी घेत नाही तो निष्काळजी. काळजी करत नाही तो निश्चिंत, बिनघोर. "तुम्ही निष्काळजी राहा, मी बघतो" असं एका विद्यार्थ्याने घरमालकांना सांगितलं होतं. त्याला म्हणायचं होतं, "निश्चिंत राहा." बेफिकीर या दोघांच्या मधला : कधी स्वभावाची मजा, कधी तक्रार. सूर ऐकून ठरवायचं.

हलगर्जीपणा हा जबाबदारी असलेल्या माणसाचा. डॉक्टर, ठेकेदार, ड्रायव्हर, कारकून. लहान मुलाला हलगर्जी म्हणत नाहीत, कारण त्याच्यावर काम सोपवलेलं नसतं. हयगय त्याच्याच जवळचा शब्द, पण हुकमाच्या भाषेतला : "कामात हयगय खपवून घेतली जाणार नाही." पोलिसांच्या फिर्यादीत अपघाताचं वर्णन बहुतेक याच शब्दांत येतं, आपल्या ताब्यातील वाहन भरधाव, हयगयीने, अविचाराने, बेदरकारपणे चालवून. यातला 'हयगयीने' म्हणजे काळजी न घेता आणि 'बेदरकारपणे' म्हणजे परिणामांची पर्वा न करता. दोन्ही वेगळे आरोप आहेत, एकाचीच पुनरुक्ती नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरण्याचं कलम पूर्वी ३०४-अ होतं, ते आता १०६ आहे. कागदावर सही करायची वेळ आली आणि यातला एखादा शब्द दिसला, तर समजणाऱ्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. वाहतूक शाखेपुढे "सर, माझा हलगर्जीपणा झाला" असं नम्रपणे म्हणणारेही मी पाहिलेत. तिथे "माझं लक्ष नव्हतं" हेही कबुलीच आहे, पण ते जे घडलं तेवढंच सांगतं.

आता गाफील आणि बेसावध. लाल महाल पुण्यात कसबा गणपतीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथे १६६३ च्या एप्रिलमध्ये शिवाजी महाराजांनी रात्री शाहिस्तेखानावर छापा घातला आणि खानाची बोटं तुटली. "खान बेसावध होता" म्हटलं तर ती त्या रात्रीची अवस्था झाली. "खान गाफील राहिला" म्हटलं तर ती त्याची चूक झाली : एवढी फौज भोवती आहे, म्हणून त्याने धोका गृहीतच धरला नाही. म्हणून खिसा कापला जातो तेव्हा तुम्ही बेसावध असता, आणि निवडणुकीच्या सभेत नेते कार्यकर्त्यांना "गाफील राहू नका" असं बजावतात. याच कुळातली 'गफलत' मात्र मराठीत वेगळ्या वाटेने गेली. हिंदीत ती बेसावधपणा सांगते, मराठीत घोटाळा : नावात गफलत झाली, तारखेत गफलत झाली. "हिशोबात गफलत आहे" म्हटलं तर पैशाचा संशयही येतो. खजिनदारांसमोर हा शब्द जपून.

पायरी १० : कुणाला कसं म्हणायचं

लहानांना आणि बरोबरीच्या मित्रांना "लक्ष कुठंय तुझं?" थेट चालतं. "झोपलायस का?" फक्त जिवलगाला. रिक्षावाल्याला "काका, पुढच्या सिग्नलला डावीकडे, लक्ष असू द्या हं" असं आधीच सांगा. वळण चुकल्यावर "लक्ष कुठे होतं तुमचं?" विचारलंत तर उरलेला रस्ता दोघांनाही जड जातो. त्याऐवजी "काका, वळण मागे राहिलं वाटतं," एवढं पुरे. वाक्यात माणूस नाही, फक्त वळण आहे.

वरिष्ठांचं लक्ष नसेल तर लक्षाचं नावच काढायचं नाही. "सर, हे एकदा बघून घेता का?" किंवा "मॅडम, मागच्या आठवड्यातला विषय राहिलाय." 'राहिलाय' हे क्रियापद पुण्यातल्या ऑफिसात फार मोलाचं आहे. काम राहतं, मेल राहतो, सही राहते, आणि कुणी विसरलं असं म्हणावंच लागत नाही.

माफी मागण्याचा क्रमही ठरलेला आहे : आधी नातं, मग चूक, मग पुढचं काम. "काकू, माझं दुर्लक्ष झालं. प्लंबरला बोलावलंय, छताचा खर्च मी देते." स्पष्टीकरण कुणी विचारलं तरच.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी हेच वाक्य घेऊन पुन्हा खाली गेली होती. काकूंनी ऐकून घेतलं, छताकडे बोट दाखवून ओल कुठवर आली ते दाखवलं आणि म्हणाल्या, "होतं असं. तोटी बंद करून जात जा." मग आत जाऊन एक जुनी चादर घेऊन आल्या, प्लंबर येईपर्यंत वरच्या मोरीच्या उंबऱ्यापाशी घालायला.